सरासरीचा चकवा

दोन्ही वर्षी मागे राहिलेला खेळाडू एकत्रित हिशेबात पुढे जाऊ शकतो काय? अमेरिकेतील बेसबॉलमध्ये असे घडले आहे.

१९९५ साली डेव्हिड जस्टिस यांनी फलंदाजीच्या ४११ संधींत १०४ यशस्वी फटके मारले, म्हणजे शेकडा २५.३, डेरेक जीटर यांनी ४८ संधींत १२, म्हणजे शेकडा २५. १९९६ साली जस्टिस यांचे १४० पैकी ४५ (शेकडा ३२.१), तर जीटर यांचे ५८२ पैकी १८३ (शेकडा ३१.४). दोन्ही वर्षी जस्टिस सरस ठरले. परंतु दोन वर्षांची बेरीज केली असता जीटर यांचे प्रमाण शेकडा ३१ आणि जस्टिस यांचे अवघे २७ येते.

यात आकड्यांची चूक नाही. दोघांनाही १९९६ हे वर्ष अधिक फलदायी ठरले; मात्र जीटर यांच्या बहुतेक संधी त्याच वर्षातील, तर जस्टिस यांच्या आदल्या वर्षातील होत्या. संख्याशास्त्रात यास 'सिम्प्सनचा विरोधाभास' म्हणतात.

दोन शाळांच्या निकालांची किंवा दोन गावांतील लसीकरणाची तुलना करतानाही हाच चकवा संभवतो. म्हणून टक्केवारीशेजारी मूळ संख्या आणि गटवार तपशील मांडल्याशिवाय कोणासही श्रेय वा दोष देणे उचित नव्हे.