एकच लाइन, दोन फायरवॉल

रिसोडसारख्या तालुक्याच्या गावात इंटरनेटची दुसरी लाइन घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न, देणार कोण? मिळाली तरी बऱ्याचदा ती त्याच खांबांवरून येते. म्हणून आज आपण लाइन एकच धरू आणि फायरवॉल दोन ठेवू. जेसीबीनं केबल तोडली तर दोन्ही डबे गप्प बसणार, हे आधीच सांगून ठेवतो. पण ऐन सोयाबीनच्या दिवसांत अडत्याच्या पेढीतला एकुलता एक फायरवॉल जळाला, तर वाशिमहून किंवा अकोल्याहून बदली डबा येईपर्यंत शेतकऱ्याचं पेमेंट अडकतं. तो खोळंबा यानं टळतो.

यातली युक्ती साधी आहे. दोन्ही डब्यांना आपापला पत्ता असतो आणि तिसरा पत्ता सामायिक. आतले सगळे संगणक त्या तिसऱ्यालाच गेटवे समजतात. मुख्य डबा दर सेकंदाला ‘मी आहे’ अशी हाक देतो. तीनेक सेकंद हाक आली नाही की दुसरा तो पत्ता उचलतो. याचं व्हीआरआरपी हे मानक १९९८ मध्ये आलं. पेटंटच्या वादामुळे ओपनबीएसडीवाल्यांनी २००४ मध्ये स्वतःचं ‘कार्प’ काढलं.

खरी गोची बाहेरच्या बाजूला आहे. पुस्तकी मांडणीत तिथेही तीन पत्ते लागतात, आणि साध्या फायबर जोडणीवर कंपनी देते एकच, तोही पीपीपीओई लॉगिन करून. दोघांनी एकदम लॉगिन केलं की भांडण! आमचं मत विचाराल तर लॉगिन मोडेमकडेच राहू द्या. मोडेमच्या मागे खाजगी पत्ते हवे तेवढे: १९२.१६८.१.२ एकाला, ३ दुसऱ्याला, ४ सामायिक. आतलं नेटवर्क मात्र वेगळ्या मालिकेत ठेवा. बाहेर जाणारी रहदारी ४ च्याच नावानं जाऊ द्या, नाहीतर डबा बदलला की चालू जोडण्या तुटतात. अर्थात जोडण्यांची यादी दोन्ही डब्यांत सतत जुळवून ठेवणारी सोयही चालू हवी. पत्त्यांचं भाषांतर यात दोनदा होतं. शुद्धतावादी नाक मुरडतील, मुरडू द्या. कॅमेरे बाहेरून बघायचे असतील तर मोडेमवरचं पोर्ट ४ कडे वळवा.

आतला स्विच मल्टिकास्ट अडवत असेल तर हाक पोचत नाही आणि दोघेही स्वतःला मुख्य समजतात. दोन्ही डबे एकाच यूपीएसवर टांगू नका. सगळं झालं की दुपारी, काम चालू असताना, मुख्य डब्याची वायर सरळ उपसा आणि पिंग किती वेळा चुकतो ते मोजा.