जवारी कुठे हरवली?

एकाच मैफलीच्या दोन फाइली समोर होत्या. टेप एकच, तोच विलंबित यमन. डिजिटल नकला मात्र दोन वेगळ्या स्टुडिओंत केलेल्या. आम्हा पाच जणांच्या बैठकीने एकमुखाने दुसरीला कौल दिला. ‘कन्व्हर्टर महागातला आहे, फरक पडणारच,’ असा निवाडाही झाला. (कन्व्हर्टर म्हणजे टेपचा आवाज आकड्यांत उतरवणारं यंत्र.)

मोजून पाहिलं, तर दुसरी फाइल पाऊण डेसिबलने मोठी निघाली. इतका फरक कानाला ‘मोठा’ वाटतच नाही. तो ‘मोकळा’ वाटतो, ‘जिवंत’ वाटतो. म्हणून तुलनेआधी पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळवायची आणि तीही मीटरवर. इथे कानावर भरवसा ठेवायचा नाही.

पातळी जुळवली. तरीही तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती झणझणती गुंज, दुसरीतच खुलत होती; पहिलीत तानपुरा गोधडीखाली ठेवल्यासारखा. आता तरी दोष कन्व्हर्टरचा? नाही. चोर त्याच्या बराच आधी, टेप जिथे हेडला घासते तिथे होता.

सेकंदाला १९.०५ सेंटिमीटर वेगाने धावणाऱ्या टेपवर १० किलोहर्ट्झच्या स्वराची एक लहर जेमतेम १९ मायक्रॉन लांब असते, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. वाचणाऱ्या हेडची फट टेपला काटकोनात नसेल, तर पट्ट्याच्या एका कडेला लहरीचा चढ आणि दुसऱ्या कडेला उतार एकाच वेळी वाचला जातो, आणि दोघे एकमेकांना खाऊन टाकतात. वरच्या उपस्वरांची चमक जाते, जवारी जाते. या कोनाला अ‍ॅझिमथ म्हणतात. हेडशेजारचा एक बारीक स्क्रू पाव फेरा फिरवला, की तानपुरा गोधडीतून बाहेर येतो. हा क्षण ज्याने ऐकलाय त्याला ‘कन्व्हर्टरचा आवाज’ या गप्पांत फारसा रस उरत नाही.

मशीन आधी प्रमाणित टेपवर लावायचं असतं. कॅलिफोर्नियाच्या मॅग्नेटिक रेफरन्स लॅबोरेटरीच्या टेप जगभर चालतात. त्याआधी हेड अल्कोहोलने पुसायचं आणि त्यातलं चुंबकत्व काढायचं. नाहीतर तीच महागडी टेप खराब होते. मग पातळी. जुन्या अमेरिकी मशीनचं ‘शून्य’ १८५ नॅनोवेबर प्रति मीटरला, तर जर्मन रेडिओचं ३२०ला. म्हणजे शून्या-शून्यात जवळजवळ ५ डेसिबलचं अंतर. इक्वलायझेशनचंही, म्हणजे वरच्या-खालच्या स्वरांचा तोल सावरण्याचंही, तेच. १९ सेंटिमीटरच्या वेगाला अमेरिकी एनएबी मानक ५० मायक्रोसेकंद धरतं, युरोपीय आयईसी ७०. बटण चुकलं तर वरचे स्वर सुमारे ३ डेसिबलने फुगतात किंवा बसतात, आणि फुगलेले असले की लोक ‘वा!’ म्हणतात. वेग ६ टक्क्यांनी चुकला, तर काळी एकचा गवई पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो.

एवढं झालं तरी अ‍ॅझिमथ शेवटी त्या-त्या टेपप्रमाणे पुन्हा लावावा लागतो, कारण ज्या १९६५च्या घरगुती मशीनवर टेप भरली, त्याचं हेड तेव्हाच वाकडं असू शकतं. पहिल्या स्टुडिओने नेमकी हीच पायरी गाळली होती. मशीन प्रमाणित टेपवर चोख होतं. आमच्या टेपवर नव्हतं.

आणि कन्व्हर्टर? त्यांची तुलना करायची, तर टेप एकदाच वाजवायची आणि मशीनचा आउटपुट दोन्हींकडे एकाच वेळी द्यायचा. दुसऱ्या फेरीत टेप किंचित वेगळी ताणली जाते, धूळ झडते. ती फेरी वेगळीच. १ किलोहर्ट्झच्या सुराने दोन्हींच्या पातळ्या जुळवायच्या, फाइलींची नावं झाकायची आणि मगच ऐकायचं. आम्ही तसं केलं. त्यानंतर पाच जणांत एकमत काही झालं नाही.

घरातली स्पूल डिजिटल करायला द्याल, तेव्हा कन्व्हर्टरची कंपनी विचारू नका. ‘अ‍ॅझिमथ माझ्या टेपवर लावणार का?’ एवढंच विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत टेप हातातून सोडू नका.