असाध्य दुखण्यांतील मूल आणि घरचीं माणसें

घरांतील एखादें मूल मोठ्या दुखण्यानें अंथरुणास खिळलें म्हणजे त्या घराचें घड्याळच बदलून जातें. आजोबांची संध्या, सुनांची स्वयंपाकघरांतील धांदल, भावंडांचा अभ्यास हें सारें त्या एका खाटेच्या धोरणानें चालूं लागतें. अशा घरीं एके दिवशीं डॉक्टर मुलाच्या वडिलांस बाजूस घेऊन सांगतात, "आतां औषधाचा उपयोग नाहीं, घरीं घेऊन जा." या वाक्यांत दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात. रोग बरा करणारें औषध उरलें नाहीं, ही एक गोष्ट. मुलासाठीं करण्यासारखें कांहींच उरलें नाहीं, ही अगदीं दुसरी. पहिली पुष्कळदां खरी असते. दुसरी जवळजवळ कधींच खरी नसते.

या दुसऱ्या गोष्टीचें आतां एक स्वतंत्र शास्त्र झालें आहे. इंग्रजींत त्यास पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. आपण उपशामक शुश्रूषा म्हणूं. त्या शब्दाच्या मुळाशीं असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ अंगावर घ्यावयाचें वस्त्र असा आहे, आणि रोग हटत नसला तरी रोग्यावर मायेचें पांघरूण घालतां येतें, ही कल्पना त्यांत आपोआप आली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें १९९८ सालीं मुलांपुरती तिची व्याख्या केली, तींत शरीर, मन व आत्मा या तिहींची काळजी आणि कुटुंबास आधार हीं दोन्हीं सांगितलीं. त्याहून महत्त्वाचें म्हणजे, ही शुश्रूषा रोगाचें निदान होतांच सुरू व्हावी व मूळ उपचारांबरोबर चालावी, असें तींत म्हटलें आहे. ती केवळ शेवटच्या आठवड्यांची सोय नव्हे, किंवा केवळ कर्करोगाचीहि नव्हे. स्नायू क्षीण करणारे आनुवंशिक रोग, जन्मजात हृद्रोग, मेंदूचे विकार अशा दुखण्यांत मूल वर्षानुवर्षें जगतें, आणि तीं सारीं वर्षें त्याच्या आईला कोणाचा तरी हात हवा असतो.

लंडन येथें सिसिली साँडर्स यांनीं १९६७ सालीं सेंट ख्रिस्तोफर्स ही संस्था काढली, तेव्हांपासून या कार्यास आधुनिक स्वरूप आलें. मुलांसाठीं मात्र पहिलें असें घर ऑक्सफर्ड येथें १९८२ सालीं निघालें. सिस्टर फ्रान्सिस डॉमिनिका यांचा हेलन नांवाच्या एका आजारी मुलीच्या घराशीं स्नेह जडला होता. त्या आईबापांना अधूनमधून चार दिवस विसांवा मिळावा, या साध्या विचारांतून 'हेलन हाऊस' उभें राहिलें. मुंबईस वांद्रें येथें १९८६ सालीं शांति अवेदना ही आपल्या देशांतील अशा प्रकारची पहिली संस्था निघाली. पुण्याजवळ वारजें येथें १९९७ पासून सिप्लाचें केंद्र आहे. २०१० नंतर जव्हारच्या आदिवासी भागांत व शीव येथील महापालिकेच्या रुग्णालयांत मुलांसाठीं हें काम सुरू करण्याचे प्रयत्न झाले. देशाच्या मानानें हें फार थोडें आहे, हें सांगावयास नकोच.

आतां वेदनेविषयीं. मॉर्फिन हें नांव ऐकतांच आपल्या घरांतील वडील माणसें दचकतात. अफूपासून निघालेलें औषध लहान लेंकराला द्यावयाचें? त्याला संवय लागली तर? ही भीति घरांतच होती असें नाहीं. १९८५ च्या कायद्याच्या जाचक अटींमुळें कित्येक रुग्णालयांनीं हें औषध ठेवणेंच सोडून दिलें होतें. २०१४ सालीं त्या कायद्यांत दुरुस्ती होऊन वाट कांहींशी मोकळी झाली. वस्तुस्थिति अशी आहे कीं, तीव्र वेदनेवर डॉक्टरांच्या देखरेखीखालीं मुलाच्या वजनाप्रमाणें मोजून दिलेलें मॉर्फिन व्यसन म्हणून घेतलेल्या अफूहून सर्वस्वी वेगळें असतें. तें वेदना असह्य होईपर्यंत थांबून न देतां घड्याळाप्रमाणें ठराविक अंतरानें द्यावें लागतें. त्यानें मलावरोध होतो, म्हणून सारक औषध जोडीला असावेंच लागतें. आणि तें आपल्या मनानें एकदम बंद करणें धोक्याचें आहे.

परंतु मूल "दुखतें" असें सांगतें कोठें? पुष्कळ मुलें इंजेक्शनच्या भीतीनें गप्प राहतात. म्हणून हंसऱ्या चेहऱ्यापासून रडव्या चेहऱ्यापर्यंत सहा चित्रें काढलेला एक तक्ता डॉक्टर वापरतात. मुलानें आपल्या दुखण्याचा चेहरा बोटानें दाखवावयाचा. खेळतां खेळतां मध्येंच निश्चळ पडून राहणारें मूल शहाणें झालें असें समजून आपण त्याचें कौतुक करतों, हें त्याच्यावर अन्याय करण्यासारखें आहे.

सर्वांत अवघड प्रश्न अद्याप राहिला आहे. मुलाला सांगावयाचें काय? आपल्याकडील रीत म्हणजे अमंगळ उच्चारूं नये. आजी ओठांवर बोट ठेवते, आणि आई डोळे पुसून मगच खोलींत शिरते. मायरा ब्लूबाँड-लँगनर या अमेरिकन विदुषीनें रक्ताचा कर्करोग झालेल्या तीन ते नऊ वर्षांच्या मुलांत राहून निरीक्षण केलें व १९७८ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. कोणीं सांगितलें नसतांहि तीं मुलें सारें ओळखून होतीं. बरोबरीचीं मुलें दिसेनाशीं झालीं, मोठ्यांचे आवाज बदलले, एवढ्यावरून त्यांनीं ताडलें होतें. आईबापांनीं आपल्यापाशीं बसावें म्हणून तीं आपण अजाण असल्याचें सोंग वठवीत होतीं! कोण कोणापासून लपवीत होतें?

स्वीडनमध्यें कर्करोगानें मुलें गेलेल्या ४२९ आईबापांना या संबंधीं विचारण्यांत आलें. ती माहिती २००४ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांपैकीं १४७ जण मृत्यूविषयीं मुलाशीं बोलले होते, आणि त्यांतील एकालाहि त्याचा पश्चात्ताप झाला नव्हता. जे बोलले नाहींत, त्यांतील चौथ्या हिश्शाहून कांहीं अधिकांस तें मागाहून लागून राहिलें. परदेशींची गोष्ट जशीच्या तशी आपल्या घरांत आणावी असें मी म्हणत नाहीं. मुलानें विचारल्यावांचून सांगूं नये, हेंहि योग्यच. पण त्यानें "मी बरा होणार ना?" असें विचारलें, तर "असें बोलूं नये" म्हणून त्याचें तोंड बंद करण्याऐवजीं "तुला काय वाटतें, बाळ?" असें विचारून ऐकावयास बसावें. पुढचें तें स्वतःच सांगतें.

एकत्र कुटुंबांत या कामीं सोय आहे आणि अडचणहि आहे. आईला दोन घटका झोप मिळावी म्हणून जाऊबाई उशाशीं बसूं शकतात, हें सुख नवराबायकोच्या दोघांच्या बिऱ्हाडांत नाहीं. पण भेटीस येणारा प्रत्येक काका नवा वैद्य व नवा अंगारा सुचवितो, आणि "तुम्हीं प्रयत्न सोडले कीं काय?" असें विचारून आईच्या काळजांत सुरी फिरवितो. घरांतील एका कर्त्या माणसानें डॉक्टरांशीं बोलावें व बाकीच्यांस आवरावें, हें बरें.

आणि भावंडें? त्यांना मामाकडे धाडून देतात. परत येतात तों खाट रिकामी झालेली असते, आणि "दादा झोपला आहे" असें त्यांना सांगण्यांत येतें. मग तीं लहानगीं रात्रीं झोपावयासच भितात, व थोरल्यांस त्याचें कारण कळत नाहीं. कांहींना तर आपण भांडलों, रुसलों म्हणूनच दादा आजारी पडला, असें वाटत राहतें. अशा मुलाला जवळ घेऊन, यांत तुझा कांहींहि दोष नव्हता, असें साध्या शब्दांत सांगावें लागतें. आणि तें एकदां सांगून भागत नाहीं.