दूध तोडू नका, गोळी चुकवू नका

आमच्या घरांत जुनी माणसं सांगतात, शेवटच्या घटकेला आई लेकरांना दूध बख्शते. म्हणजे दुधाचं ऋण माफ करते. ज्या दुधाचा हिशेब असा अखेरपर्यंत ठेवला जातो, त्यातूनच लेकराला आजार जाऊ शकतो, हे कळल्यावर एखाद्या बाळंतिणीचं काय होत असेल?

श्रोतेहो, एचआयव्ही असलेल्या आईच्या दुधात विषाणू असतो, हे खरं आहे. बाळाला लागण पोटात असताना, जन्मताना किंवा अंगावर पिताना होऊ शकते. काहीच उपचार नसले तर अशा १०० बाळांपैकी १५ ते ४५ बाळांना ती होते. वेळेवर उपचार झाले, तर पाचांहूनही कमी बाळांना.

मग दूधच तोडलं तर? पाथर्डी-शेवगावकडची बाई ऊसतोडीला जाते, कोपीत राहते. तिथं उकळलेलं पाणी, दर वेळी धुतलेली वाटी आणि महिनाभर पुरेल एवढी दुधाची पावडर आणायची कुठून? वरच्या दुधानं हगवण लागून बाळ दगावण्याचं भय मोठं. म्हणून डॉक्टर सांगतात : आईनं उपचार घ्यावेत आणि पहिले सहा महिने फक्त अंगावर पाजावं.

यातला 'फक्त' महत्त्वाचा. थोडं अंगावरचं, थोडं वरचं, मधेच घुटी, मध, पाणी, असं चालणार नाही. त्यानं बाळाच्या आतड्याचं कोवळं अस्तर दुखावतं आणि विषाणूला वाट मिळते, असं तज्ज्ञ मानतात. हा फरक दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या अभ्यासानं १९९९ मध्ये दाखवून दिला. स्तनाला चीर पडली किंवा पू झाला, तर त्या बाजूचं पाजणं थांबवून लगेच दवाखाना गाठावा.

आईनं रोज एआरटीची गोळी घेतली की रक्तातला विषाणू घटतो, तसा दुधातलाही. धोका अगदी थोडा उरतो, पण शून्य होत नाही. म्हणून बाळालाही नेव्हिरापिनसारखं औषध देतात. पुण्याचं बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय, इथिओपिया आणि युगांडा इथल्या अभ्यासांत सहा आठवडे रोज हे औषध दिलेल्या बाळांमध्ये, एकच मात्रा मिळालेल्या बाळांपेक्षा, सहाव्या आठवड्यापर्यंतची लागण जवळपास निम्मी दिसली. ते निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. बाळाची पहिली तपासणीही सहाव्या आठवड्यात करून घ्यावी.

नगरचं 'स्नेहालय' १९८९ मध्ये सुरू झालं. एचआयव्हीसह जगणाऱ्या कितीतरी मुलांना त्यानं घर दिलं. तेव्हा सरकारी दवाखान्यात ही लागण रोखणारं औषध नव्हतं. आज ते आहे आणि मोफत आहे. तोडीला निघण्याआधी एआरटी केंद्रात सांगा, पुढच्या गोळ्यांची सोय विचारा.

आणि घरच्यांनो, सासूपासून लपवलेली गोळी हमखास चुकते. तिला ती उजळ माथ्यानं घेऊ द्या. बाळाचं औषध तिथूनच सुरू होतं.