बोटीवरचा पन्नास मिनिटांचा तास



आमच्या कोकणात ‘बोटीवर आहे’ म्हणजे नोकरीला आहे. दापोली, श्रीवर्धन, रत्नागिरीकडच्या मोहल्ल्यांत सोयरीक जुळवताना ‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नाला एवढं एकच उत्तर पुरत असे. पी अँड ओ कंपनीच्या आगबोटींवर डेकवरचे खलाशी कोकणातले आणि जेवणघरातले वाढपी गोव्याचे, अशी जणू वाटणीच पडलेली होती. म्हणजे बोट आपल्याला ठाऊक होती ती खालच्या मजल्यांवरून.

आता दिवस पालटले. मुलं, भाऊ, भाचे अमेरिकेत स्थिरावले आणि घरच्या वडीलधाऱ्यांना क्रूझवर नेऊ लागले. आम्हा दोघांनाही माझ्या धाकट्या भावानं फ्लोरिडातून निघणाऱ्या सात रात्रींच्या कॅरिबियन सफरीला नेलं होतं. अशा बोटीवर जेवण तिकिटातच असतं, गाणंबजावणंही असतं. पण एक दालन असं असतं की तिथे वेगळे पैसे मोजावे लागतात आणि वेळही आधी ठरवावी लागते. ते म्हणजे स्पा. मालिश, वाफ, पायांची निगा, चेहऱ्याचे लेप, सगळं तिथे. पुष्कळ जण दारावरचं दरपत्रक वाचूनच मागे फिरतात, काही जण भिडेपोटी आत जातात आणि बिल पाहून हबकतात. म्हणून आज या बुकिंगविषयी बोलू.

‘स्पा’ हे मुळात बेल्जियममधल्या एका गावाचं नाव. तिथल्या खनिज पाण्याच्या झऱ्यांवर लोक प्रकृतीसाठी जात. आपल्याकडे वज्रेश्वरीला, उन्हवऱ्याला किंवा तुरळच्या गरम पाण्याच्या कुंडावर गुडघे शेकायला जातात, तसंच. बोटीवर ही सोय यायलाही शंभरावर वर्षं झाली. १९१२ साली बुडालेल्या टायटॅनिकवर पहिल्या वर्गाच्या प्रवाशांसाठी तुर्की हमाम होता. सकाळी दहा ते एक बायकांची वेळ, दुपारी दोन ते सहा पुरुषांची. चौकशी कचेरीतून चार शिलिंगांचं, म्हणजे तेव्हाच्या एका डॉलरचं तिकीट घ्यायचं. २००५ साली पाणबुड्या यंत्रांनी त्या हमामाचं छायाचित्रण केलं, तेव्हा भिंतींवरच्या निळ्या-हिरव्या फरशा जागच्या जागी दिसल्या. बोट गेली, माणसं गेली, फरशा राहिल्या. असो. सांगायचा मुद्दा असा की वेळ ठरलेली आणि तिकीट वेगळं, ही रीत तेव्हापासूनचीच.

आता आजची व्यवस्था. बहुतेक मोठ्या बोटींवर स्पा बोटीची कंपनी स्वतः चालवत नाही. बाहेरची कंपनी जागा घेऊन चालवते आणि उत्पन्नात वाटा देते. आपल्याकडे एस.टी. स्थानकावरचं कॅन्टीन ठेकेदार चालवतो, त्यातला प्रकार. या धंद्यातलं सर्वांत मोठं नाव म्हणजे वनस्पावर्ल्ड. २०१९ साली ती अमेरिकी शेअर बाजारात आली आणि तिची मुळं लंडनमध्ये १९०१ साली सुरू झालेल्या स्टायनर नावाच्या केशभूषेच्या दुकानापर्यंत जातात. प्रवाशाच्या दृष्टीनं याचा अर्थ एवढाच की स्पाचे दर, सवलती आणि रद्द करण्याचे नियम हे बोटीच्या इतर नियमांहून वेगळे असू शकतात. ते वेगळे वाचावेत.

पुढचा भाग साध्या गणिताचा आहे. समजा, बोटीवर तीन हजार प्रवासी आहेत आणि मालिशच्या खोल्या वीस. एका खोलीत दिवसाला फार तर दहा जणांचं काम होतं. म्हणजे दिवसाला दोनशे. सात दिवसांच्या सफरीत पूर्ण दिवस समुद्रात, असे दोन-तीनच दिवस असतात आणि सगळ्यांना तेच हवे असतात. दोन दिवसांचे चारशे तास, मागणारे तीन हजार. साहजिकच ज्यानं आधी मागितलं त्याला मिळतं. म्हणून समुद्रातला दिवस आणि सकाळची किंवा दुपारची सोयीची वेळ हवी असेल, तर घरूनच, कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा मोबाईलवरच्या ॲपमधून ती ठरवून टाकावी.

पैसे वाचवायचे असतील तर उलटं करावं. बोट बंदराला लागते, लोक बेट पाहायला उतरतात आणि स्पा ओस पडतो. त्या दिवसाचे दर बहुधा उतरलेले असतात. चढण्याच्या पहिल्या दिवशीही स्पाची मंडळी दालन दाखवायला फिरवतात, चिठ्ठ्या टाकून बक्षिसं देतात, सवलत सांगतात. तिथे जायला हरकत नाही. मात्र पहिल्या दिवशी सुरक्षेची कवायत प्रत्येकाला सक्तीची असते. ती आधी उरकावी, मग तेल लावून घ्यावं.

वेळ निवडताना आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, स्पा पुष्कळदा वरच्या मजल्यावर, बोटीच्या नाळेकडे असतो आणि हेलकावे तिथेच जास्त जाणवतात. बोट लागण्याची सवय असलेल्यांनी बंदरातला दिवस घ्यावा. दोन, किनाऱ्यावर दिवसभर ऊन खाऊन भाजलेल्या कातडीवर मालिश म्हणजे शिक्षाच. आधी मालिश, मग समुद्रकिनारा, असा क्रम ठेवावा. तीन, घड्याळ. बेटावर उतरलं की मोबाईल आपोआप तिथली वेळ दाखवू लागतो, बोट मात्र आपल्या वेळेवर चालते. ठरलेली वेळ नेहमी बोटीच्या घड्याळाची असते.

आता दरांकडे येऊ. अमेरिकी बोटींवर साध्या मालिशचे साधारण दीडशे ते दोनशे डॉलर पडतात आणि ती असते पन्नास मिनिटांची. उरलेल्या दहा मिनिटांत खोली आवरून पुढच्या माणसासाठी चादरी बदलायच्या असतात. वर अठरा ते वीस टक्के बक्षिशी बिलात आपोआप लागते. १६० डॉलरची मालिश २० टक्क्यांनी १९२ डॉलरवर जाते. आपल्या रुपयांत कित्येक हजार! रोख द्यायचं नसतं, खोलीच्या खात्यावर चढतं, म्हणून ते कळतही नाही. सही करायच्या कागदावर ‘जादा बक्षिशी’ अशी आणखी एक ओळ असते. बक्षिशी आधीच धरलेली आहे हे पाहावं आणि मगच ती ओळ भरायची की कोरी ठेवायची ते ठरवावं. वेळ रद्द करायची झाल्यास बहुतेक ठिकाणी चोवीस तास आधी सांगावं लागतं, नाहीतर पैसे कापतात. उशिरा गेलात तर तेवढी मिनिटं तुमची गेली, कारण दाराशी पुढचा माणूस उभा असतो.

हा आकडा ऐकून माझी पत्नी भावाला म्हणाली, “अरे, एवढ्यात आपल्याकडे बाळंतिणीला चाळीस दिवस तेल लावून होईल.”

भाऊ म्हणाला, “भाभी, पण तुमचं शेवटचं तेल लावून किती वर्षं झाली?”

ती गप्प झाली. तिचं शेवटचं बाळंतपण सव्वीस वर्षांपूर्वीचं. मंडळी, यात विचार करण्यासारखं काहीतरी आहे. आपल्या घरांत बाईच्या अंगाला दुसऱ्याचा मायेचा हात लागायला तिला मूल व्हावं लागतं. तेवढे दिवस शेक, तेल, गरम पाणी. त्यानंतर सासूचे पाय दाबणं, मुलांच्या डोक्याला तेल घालणं, नवऱ्याच्या पाठीला मलम चोळणं, हे सगळं तिच्याच हातून. म्हणून आपल्या पिढीच्या बायका दरपत्रकापाशी अडतात, त्याला पैसा हे एकच कारण नसतं. स्वतःसाठी तासभर मागून घ्यायची सवयच राहिलेली नसते. त्यांच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी वेळ ठरवून टाकावी, हे बरं.

दुसरी अडचण लाजेची, आणि ती सर्व धर्मांच्या बायकांना सारखीच. याचं उत्तर बुकिंगमध्येच आहे. मालिश करणारी स्त्रीच हवी, असं आधी सांगता येतं. अंगावर चादर असते आणि जेवढ्या भागाला तेल लावायचं तेवढाच भाग उघडा करतात. नको तो भाग ‘नको’ म्हणायचा पूर्ण हक्क असतो. केवळ पावलांची मालिश घेतली तर कपडे बदलायचीही फारशी गरज नाही. वाफेच्या, गरम दगडी आसनांच्या दालनाचा पास वेगळा मिळतो आणि तो मोजक्याच लोकांना देतात. पण ते दालन बहुधा स्त्री-पुरुषांचं सामाईक असतं आणि तिथे पोहण्याचा पोशाख लागतो. पैसे भरण्याआधी ते एकदा पाहून यावं.

मालिशच्या आधी एक कागद भरून घेतात. मला विचाराल तर साऱ्या व्यवहारातला सर्वांत मोलाचा भाग तोच. रक्तदाब आहे का, मधुमेह आहे का, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, शस्त्रक्रिया झाली आहे का, कशाची ॲलर्जी, गरोदरपण. हे खरं खरं लिहावं. मधुमेहानं पावलं बधिर झालेल्या माणसाला तापलेल्या दगडाचा चटका वेळेवर कळत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला जोरकस मालिशनं काळंनिळं पडतं. शंका असेल तर निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावं. मालिश हा आरामाचा भाग आहे, औषधोपचाराची जागा तो घेत नाही.

पत्नीच्या हाती आलेल्या कागदावर माणसाची एक बाह्याकृती छापलेली होती, पुढून आणि मागून. ‘दुखतं तिथे फुली मारा.’ चष्मा लावून ती फुल्या मारू लागली. दोन्ही टाचा, उजवा खांदा, मानेचा मणका, मनगट, कंबर. सहा-सात झाल्या. इंग्रजी वाचून दाखवायला मी शेजारी बसलो होतो. टाचांचं मला ठाऊक होतं. बाकीच्या फुल्या मी कागदावरच वाचल्या. तीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न तिला असा सरळ, चित्र काढून कुणी विचारलाच नव्हता.

काम झाल्यावर थोडी विक्री होते. तुमची त्वचा कोरडी आहे, हे तेल घ्या, ही भुकटी घ्या. इथे रागावू नये आणि भिडेला बळीही पडू नये. त्या मुलींच्या मिळकतीत कमिशनचा भाग असतो, विक्रीवर त्यांचा हिशेब ठरतो, म्हणून त्या विचारतात. सुरुवातीलाच हसून सांगावं, “मला काही विकत घ्यायचं नाही, फक्त विश्रांती हवी आहे.” त्यांचाही वेळ वाचतो.

या मुली फिलिपिन्स, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका अशा देशांतून येतात आणि आपल्या देशातूनही जातात. महिनोन् महिने घराबाहेर, दिवसभर उभं राहून दहा-दहा माणसांची अंगं रगडायची. २००६ चा सागरी कामगार करार भारतानं २०१५ साली मान्य केला. त्यानुसार बोटीवरच्या कामगाराला चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती मिळायला हवी. आणखी एक कलम आपल्याकडच्या आईबापांनी पाठ करावं असं आहे. बोटीवरची नोकरी मिळवून देण्यासाठी उमेदवाराकडून दलाली घेता येत नाही. वैद्यकीय दाखला, पासपोर्ट, खलाशाचं पुस्तक यांचा खर्च आपला, बाकी नाही. भारतात अशी भरती करणाऱ्या संस्थेकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना असावा लागतो. ‘स्पामध्ये लावून देतो, दोन लाख आणा’ असं कुणी म्हणालं, तर आधी परवाना क्रमांक मागावा.

म्हणजे पाहा, त्या बंद खोलीत दोघींचे तास एकत्र येतात. एक विकत घेते, दुसरी विकते आणि दोघींनाही तो सहज मिळालेला नसतो. म्हणून वेळ आधी ठरवावी, ठरली की पाळावी, नको असेल तर लवकर सोडावी.

आणि शेवटची गोष्ट. सफर संपताना अभिप्राय मागतात. तिथे ‘सेवा उत्तम’ एवढं लिहून मोकळं होऊ नये. छातीवरच्या पट्टीवरचं त्या मुलीचं नाव वाचावं, नीट उच्चारून घ्यावं आणि अभिप्रायात लिहावं. वरिष्ठांच्या टेबलावर नावानिशी गेलेली चांगली ओळ तिच्या पुढच्या करारात कामाला येऊ शकते. आमच्या वाडवडिलांची नावं आगबोटींच्या प्रवाशांनी कधी विचारली नसतील. आपण विचारू या.