पाटकऱ्याचे घड्याळ

पॅरिसनजीक शातने-मालाब्री येथे तेव्हा असलेल्या एकोल सेंत्राल या अभियांत्रिकी विद्यालयाच्या वसतिगृहांतील संगणकांचे जाळे १९९६ च्या सुमारास इतके मंदगती वाटू लागले होते, की तेथील विद्यार्थ्यांस नवे जाळे हवे झाले. परंतु तसा अर्ज सबळ कारणावाचून मंजूर कोण करणार? तेव्हा पैशाची तजवीज पाहता पाहता अशी योजना पुढे आली, की खोलीगणिक निराळी तबकडी देण्याऐवजी उपग्रहाची एकच तबकडी बसवावी आणि तिजवरील दूरदर्शनचित्रे जाळ्यातूनच सर्वांस पोहोचवावी. या उद्योगास व्हिडिओलॅन हे नाव पडले.

फाइल पाठविणारा सामान्य सर्व्हर म्हणजे फुटलेला बांध. वाहील तितके तो वाहू देतो. दूरदर्शनास मात्र, युरोपीय रिवाजाप्रमाणे, सेकंदास २५ चित्रे लागतात, आणि वेळ टळून गेल्यावर आलेले चित्र मुहूर्तानंतर पोहोचलेल्या भटजींइतकेच निरुपयोगी ठरते. म्हणून येथे पाळीपाळीने पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यासारखा, घड्याळावर नजर ठेवणारा स्वतंत्र सर्व्हर नेमावा लागतो. चित्रप्रवाहाचे १८८ बाइटांचे तुकडे घेऊन, बहुधा सात-सात तुकडे एकेका लखोट्यात घालून, प्रवाहातच नोंदलेल्या वेळेबरहुकूम तो ते रवाना करतो; एखादा लखोटा वाटेत गहाळ झालाच, तर पडद्यावर क्षणभर चौकटींचे डाग उमटतात, पण प्रवाह खोळंबत नाही. शिवाय पाहणाऱ्याच्या संगणकात थोडासा साठा रांजणात भरून ठेवावा तसा आधीच केलेला असल्यामुळे लहानसहान विलंब त्याच्या ध्यानीही येत नाही.

आणि प्रेक्षक शंभर असले म्हणून प्रतीही शंभर काढाव्या लागत नाहीत. २२४ ते २३९ या आकड्यांनी आरंभ होणारे पत्ते समूहासाठी राखून ठेवलेले असतात. तशा पत्त्यावर सर्व्हरने एकच प्रत सोडली, की ज्या फाट्यावर मागणी नोंदली गेली असेल तेथेच जाळ्यातील यंत्रे तिची नक्कल करतात.

पाठविणाऱ्या प्रणालीस व्हीएलएस म्हणत आणि पाहणाऱ्या प्रणालीस व्हीएलसी, म्हणजे व्हिडिओलॅन क्लायंट. १ फेब्रुवारी २००१ रोजी विद्यालयाच्या संमतीने हा सारा उद्योग जीपीएल परवान्याखाली सर्वांस खुला झाला. पुढे पाठविण्याची विद्याही क्लायंटनेच आत्मसात केली आणि मूळ सर्व्हर मागे पडला. आज घरोघरच्या संगणकांवर नारिंगी-पांढऱ्या शंकूचे जे चिन्ह दिसते, ते त्याच व्हीएलसीचे. नावातील तो ‘सी’ मात्र अद्याप ग्राहकाचाच आहे.