आधी प्रत, मग दुरुस्ती

घरचा संगणक रखडायला लागला, फाईल उघडताना अडकायला लागला किंवा ड्राइव्हवर क्लिक केल्यावर ‘वापरण्यापूर्वी ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल’ अशी चौकट यायला लागली, की सीपीयू उचलून दुकानात न्यायचा आणि फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून आणायची, ही आपल्याकडची रूढ वाट आहे. हिंगोली असो, वसमत असो की कळमनुरी, हा उपाय हमखास सुचवला जातो. उपाय नेहमीच चुकीचा असतो असं नाही, क्रम मात्र चुकतो. हार्डडिस्क बिघडल्याची शंका आली की पहिलं काम दुरुस्तीचं नसतं, आतला मजकूर दुसरीकडे उतरवून घेण्याचं असतं. निदान त्यानंतर करावं आणि दुरुस्तीला सर्वांत शेवटी हात घालावा. हा क्रम उलटा झाल्यामुळे वाचू शकणारा मजकूर कायमचा जातो. त्याची कारणं तांत्रिक असली तरी समजायला अवघड नाहीत.

फिरत्या तबकड्यांच्या हार्डडिस्कमध्ये या तबकड्या बहुधा मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेतात आणि वाचणारं हेड त्यांच्यावर अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवरून तरंगत असतं. मजकूर सेक्टर नावाच्या छोट्या तुकड्यांत साठवलेला असतो. पूर्वी एक सेक्टर 512 बाइटचा असे, अलीकडच्या डिस्कमध्ये तो बहुधा 4096 बाइटचा असतो. एखादा सेक्टर वाचता आला नाही तर डिस्क लगेच माघार घेत नाही, पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. माउसचा बाण हलतो पण फोल्डर उघडत नाही, तेव्हा बऱ्याचदा आत हेच चाललेलं असतं. तरीही जमलं नाही, तर त्या सेक्टरची ‘प्रलंबित’ म्हणून नोंद होते. त्याच्या बदली राखीव सेक्टर द्यायचा निर्णय मात्र डिस्क सहसा तिथे नवीन काही लिहिलं जाईपर्यंत घेत नाही. पूर्ण फॉरमॅट मारल्यावर डिस्क ‘सुधारते’ ती यामुळेच. खराब जागेवर नव्याने लिहिलं गेलं, राखीव जागा जोडली गेली, तक्रार मिटली. आधी तिथे जे होतं, ते मात्र गेलं.

विंडोजमधल्या चेकडिस्कचंही नीट समजून घ्यायला हवं. तिचं मुख्य काम फाईलव्यवस्थेचा हिशेब जुळवणं हे आहे: कोणती फाईल कुठे आहे, कोणती जागा मोकळी आहे, नोंदी एकमेकींशी जुळतात की नाही. जुळत नसलेली नोंद ती बाजूला काढते. म्हणूनच दुरुस्तीनंतर कधी कधी लग्नाच्या फोटोंचं फोल्डर दिसत नाही, त्याऐवजी ‘फाऊंड’ नावाच्या फोल्डरात नावं हरवलेले, ‘सीएचके’ शेपटीचे तुकडे सापडतात. चेकडिस्कच्या दृष्टीने काम पूर्ण झालेलं असतं, कारण हिशेब जुळला. फोटो वाचवणं हे तिचं उद्दिष्टच नव्हतं. शिवाय ‘आर’ हा पर्याय जोडून चालवली तर ती डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचत बसते, आणि मोठ्या डिस्कवर हे काम तासन् तास चालतं. हेड थकलेलं असेल, तर त्याची शेवटची ताकद रिकामी जागा तपासण्यात खर्च होते.

यावर एक रास्त आक्षेप येतो: चेकडिस्क चालवून कितीतरी संगणक ठीक होतात, मग एवढी भीती कशाला? ठीक होतात, हे खरं आहे. त्याचं कारण आपल्याकडे तर उघड आहे. वळवाच्या वाऱ्यात लाईट गेली, घरात यूपीएस नाही, संगणक मध्येच बंद पडला, की लिहिण्याचं काम अर्धवट राहतं आणि फाईलव्यवस्थेच्या नोंदी विस्कटतात. डिस्क शाबूत असते, फक्त हिशेब बिघडलेला असतो. अशा वेळी चेकडिस्क हेच योग्य औषध आहे. अडचण अशी, की हिशेब बिघडला काय आणि तबकडी बिघडली काय, बाहेरून दिसणारी लक्षणं जवळपास सारखीच असतात. आधी प्रत काढली आणि डिस्क चांगली निघाली, तर फार तर तास-दोन तास गेले. आधी दुरुस्ती केली आणि डिस्क खराब निघाली, तर सगळंच गेलं. एवढा फरक असताना कोणत्या बाजूने चूक झालेली परवडेल, हे ठरवायला तज्ज्ञ लागत नाही. संगणक सुरू होताना चेकडिस्क आपणहून सुरू होणार असेल, तर काही सेकंद उलटी मोजणी दिसते. तेवढ्यात कीबोर्डवरचं कोणतंही बटण दाबलं की ती टळते.

प्रत हाती आल्यावर निदान घरीच करता येतं. प्रत्येक हार्डडिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात, आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारखं मोफत सॉफ्टवेअर ती नोंद उघडून दाखवतं. पडद्यावर निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे वाईट. रंगावर न थांबता खालच्या यादीतल्या 05, सी5, सी6 आणि सी7 या ओळी पाहाव्यात. 05 म्हणजे किती सेक्टर बदलावे लागले, सी5 म्हणजे किती प्रलंबित आहेत, सी6 म्हणजे किती सुधारता आले नाहीत. शेवटच्या रकान्यातले आकडे मुळात सोळाच्या पायावर छापलेले असतात, त्यामुळे तिथला 10 म्हणजे आपला 16. सी7 ची ओळ वेगळी आहे. ती वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कमध्ये नसून केबलमध्ये असतो. धूळ बसलेली किंवा सैल झालेली साटा केबल बदलली की काम होतं. त्यासाठी चांगली डिस्क फॉरमॅट करण्यात काहीच अर्थ नाही.

स्मार्ट ‘ठीक’ म्हणतं म्हणून निर्धास्त व्हावं का? नाही. गूगलच्या तीन संशोधकांनी 2007 मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या 60 दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या 39 पट असल्याचं त्यात दिसलं. पिवळा रंग दिसला की थांबू नये, हे यावरून कळतं. पण त्याच अभ्यासात बंद पडलेल्या डिस्कपैकी 56 टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये स्मार्टच्या चार मुख्य खुणांपैकी एकही उमटलेली नव्हती. म्हणजे इशारा मिळाला तर खरा मानावा, मिळाला नाही तर त्यावर विसंबू नये. प्रतीला पर्याय नाही, तो याचसाठी.

‘माझं सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे, त्यामुळे काळजी नाही,’ हे वाक्य फार ऐकू येतं, आणि मोठं नुकसान याच समजुतीने होतं. बहुतेक घरगुती संगणकांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. एका घराला मधे भिंत घातली म्हणून दोन घरं होत नाहीत. पाया खचला तर दोन्ही खोल्या जातात. विंडोज बिघडली आणि फक्त सी फॉरमॅट केला, तर डी मधला मजकूर वाचतो, म्हणून ही समजूत पक्की झाली आहे. डिस्कच बिघडली तर या समजुतीचा उपयोग शून्य.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळा इथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होते आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे 2600 कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. लायगोच्याच अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या वेधशाळांमध्ये जे नोंदलं जातं, ते तिथेच पडून राहत नाही. त्याच्या प्रती कॅलटेकच्या भांडारात जातात, कारण दोन कृष्णविवरांची तीच टक्कर पुन्हा होणार नाही. घरातल्या नोंदींनाही हाच निकष लावावा. सातबारा उतारा सरकारी संकेतस्थळावरून पुन्हा काढता येतो, त्याची चिंता नको. आजीचा व्हिडिओ, हळदीच्या व्यवहाराचा टॅलीतला हिशेब, डीटीपीवाल्याने वर्षानुवर्षं जमवलेला मजकूर, हे पुन्हा कुठून काढणार?

या क्रमाला एक अपवाद आहे. डिस्कमधून टक-टक असा आवाज येत असेल, तर प्रतही काढत बसू नये, लगेच वीज बंद करावी. हेड तबकडीला घासत असेल तर प्रत्येक मिनिटाला मजकूर खरवडला जातो. डिस्क घरी उघडणं किंवा फ्रीजरमध्ये ठेवणं हे उपाय ऐकीव आहेत आणि घातक आहेत; थंड डिस्कच्या आत दव धरतं. अशी डिस्क मोठ्या शहरातल्या धूळमुक्त प्रयोगशाळेतच उघडावी लागते, त्याचा खर्च मोठा असतो आणि यशाची खात्री नसते. फिरत्या तबकड्या नसलेल्या एसएसडीचं प्रकरण आणखी कठीण आहे. ती आवाज करत नाही, कधी कधी काही न सांगता एकदम बंद पडते, आणि तिच्यावरून पुसलेलं ट्रिम या व्यवस्थेमुळे बहुधा परत मिळत नाही.

राहिला खर्चाचा आक्षेप. नवी डिस्क लगेच घेणं प्रत्येक घराला जमत नाही, हे मान्य. पण पुन्हा न मिळणाऱ्या फाईल निवडायला बसलं, तर त्या सहसा संपूर्ण डिस्कच्या मानाने थोड्याच निघतात आणि एखाद्या पेन ड्राइव्हवरही मावतात. आधी त्या उतरवाव्यात, सिनेमे आणि गेम नंतर. मोबाईलवर फोटो आहेतच, असंही म्हटलं जातं. पण व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो बहुधा दाबून लहान केलेला असतो, आणि जोडलेल्या क्लाउडमध्ये एका बाजूने पुसलेलं दुसऱ्या बाजूनेही पुसलं जाऊ शकतं. म्हणून वेगळ्या वस्तूवर, वेगळ्या जागी ठेवलेली प्रतच खरी. पुढच्या वेळी सीपीयू दुकानात नेलात, तर ‘फॉरमॅट मारा’ म्हणण्याआधी कोणती फोल्डरं काढून हवीत याची यादी कागदावर लिहून दुकानदाराच्या हातात द्या, आणि ती काढलेली आहेत हे दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्याशिवाय फॉरमॅटला होकार देऊ नका.